दूरचं माणूस दाखवणारा आरसा

ऊस तोडिते गं बाई, पाचट उडं वाऱ्यावरी
जीव माझा टांगलेला, बाळीच्या गं पाळण्यावरी

हा आवाज केशरचा. इतकी वर्षं झाली, तरी भाकरीचं पीठ मळताना कधी कधी तो कानाशी येतो. किंचित घोगरा. ओळीचा शेवट ती ओढायची नाही. डोक्यावरचा भरला हंडा अलगद जमिनीवर टेकवावा, तशी ती शेवटचं अक्षर खाली ठेवायची.

परवा तिच्या लेकीचा, मुक्ताचा फोन आला. मुक्ता आता बीडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आली.

"बाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"त्या सकाळी तुम्ही आईला काय सांगितलं होतं? मी ट्रॅक्टरवर चढून बसले होते. बोचकं मांडीवर होतं. तुम्ही पळत आलात, आईला लिंबाखाली नेलंत, आणि परत येऊन तिनं मला खाली उतरवलं. आईला विचारलं तर म्हणते, तुझ्या बाईला विचार."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"मला वाटायचं, तुम्ही तिला दम दिला असणार. पण आईला दम देणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे आता कळलंय."

मी हसले. "ये एकदा. समोर बसवून सांगते." फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी करपली.

बालाघाटच्या डोंगरात टाकळमाथा नावाची वस्ती आहे. दोन खोल्यांची शाळा, पुढं लिंबाचं झाड, मागं नुसता खडक. मुख्याध्यापक गर्जे सर आणि मी, असे दोघंच शिक्षक. मी मूळची कृष्णाकाठची, उसाच्या मुलखातली. नोकरी लागली ती इथं, उसाचं कांडं औषधालाही न उगवणाऱ्या माळावर. आणि या माळावरची माणसं दसरा झाला की कोयते घेऊन निघायची ती आमच्याच मुलखात ऊस तोडायला, आणि उन्हं तापली की परतायची. लहानपणी आमच्या परसातून मी त्यांच्या पाचटाच्या कोप्या, त्या बुटक्या झोपड्या, पाहिलेल्या. संध्याकाळी तिथल्या चुलींचा धूर उसावरून सरकत आमच्या अंगणात यायचा. आई म्हणायची, "आली गं तोडकरी मंडळी." ती कुठून येतात, मागं कुणाला ठेवून येतात, हे कधी मनात आलं नव्हतं. आता ती जिथून यायची तिथंच मी भाड्याची खोली घेऊन राहत होते.

पहिल्याच आठवड्यात वस्तीतल्या बायका मला बघायला आल्या. पुढं गयाबाई, केशरची सासू. कपाळावर गोंदण, हातात शेंगांची ओंजळ. बसता बसताच तिनं विचारलं, "बाई, लेकरं किती?"

मी नुसती मान हलवली.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. गयाबाईनं शेंगा माझ्या पदरात ओतल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पुढं महिन्याभरानं मी वस्तीच्या देवीला गेले, तर देवळाच्या आढ्याला एक नवा, वीतभर लाकडी पाळणा टांगलेला. लाल दोरा, पिवळी चिंधी. पुजारीण म्हणाली, "तुमच्यासाठी बांधलाय गयाबाईनं. देवी दील." मी पाळण्याकडं बघत राहिले. वारा आला की तो आपोआप हलायचा.

वस्तीत फोनला रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकडीवर एका चपट्या दगडावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. दर शनिवारी शाळा सुटली की मी ती टेकडी चढायची. माझे मालक चाकणला कंपनीत पाळीवर असायचे, हे वस्तीला ठाऊक होतं. बायका पाण्याच्या वाटेवर हसायच्या. "चालल्या का बाई साहेबाला भेटायला? आमचाबी रामराम सांगा." मी मान खाली घालून हसायची. उतरताना मात्र मी दुसऱ्या वाटेनं उतरायची, म्हणजे कुणी भेटायला नको.

दसरा जवळ आला की शाळा रिकामी व्हायला लागायची. हजेरी घेताना नुसती नावं उरायची. आजी-आजोबांकडं मुलं ठेवा, दुपारचं जेवण शाळेत आहे, संध्याकाळचं आम्ही बघतो, असं गर्जे सर दारोदार सांगत फिरायचे. सर अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र दणदणीत. त्यांचे स्वतःचे आईबाप तोडीला जायचे. ते आजीपाशी राहून शिकले होते.

"काय मागतो आपण त्यांना, बाई?" एकदा ते फळा पुसत म्हणाले. "पोटाचा गोळा काढून ठेवा म्हणतो. वर त्यांनी आपले आभार मानावेत असंही वाटतं आपल्याला."

तालुक्याच्या बैठकीत सरांना एक बातमी कळली. पुण्याची एक संस्था शाळांना डिजिटल वर्ग देत होती. भिंतीएवढी स्क्रीन, कॉम्प्युटर, छपरावर सौर पाटी, आणि इंटरनेट. सर मोटारसायकल झाडाला टेकवायचं विसरले. ती आडवी पडली आणि ते तसेच वर्गात आले.

आम्ही दोघांनी अर्ज लिहिला. ई-लर्निंग, गुणवत्तावाढ, एकविसाव्या शतकातली कौशल्यं, सगळे भारदस्त शब्द घातले. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते सरांनी पारावर सांगितलं. "मुकादमानं नवा मोठा फोन घेतलाय. त्याच्यातून माणूस बोलतंही आणि दिसतंही. इकडं स्क्रीन आली, नेट आलं, की दर रविवारी तुम्ही उसाच्या फडावरून बोलायचं. लेकरं इथं शाळेत बसून तुम्हाला बघतील. एवढी मोठी दिसाल तुम्ही, भिंतभर!"

मग गयाबाई म्हणाली, "म्हंजी आरसाच की वो, सर. आपल्या आरशात आपुन दिसतो. ह्यात दूरचं माणूस दिसंल."

आणि तिथंच, सगळ्यांदेखत, तिनं डोळे मिटून म्हटलं,

दूरदेशी माझी मैना, सांज झाली तिच्या गावा
चंदराच्या आरशात, तिचा मुखडा दिसावा

त्या दिवसापासून वस्तीत स्क्रीन हा शब्द कुणी वापरला नाही. जो तो विचारायचा, "सर, आरसा कव्हा येतोय?"

मुक्ता तेव्हा चौथीत होती. केशरची थोरली. बुटकी, दोन वेण्या, आणि डोळे असे की तुम्ही फळ्यावर लिहायच्या आधी तिनं वाचलेलं असायचं. दर वर्षी अर्धं साल फडावर काढूनही परत आली की महिन्याभरात सगळ्यांना गाठायची. पण चौथी ही वस्तीतली शेवटची इयत्ता. पाचवीला खालच्या गावात जायचं. त्या वर्षी ती फडावर गेली असती, तर परीक्षा बुडणार, खालच्या शाळेत नाव पडणार नाही, आणि मग तिला शोधत कुणी येणार नाही. अशा मुली मी पाहिल्या होत्या. दोन वर्षांत त्यांच्या हातात कोयता यायचा आणि आणखी थोड्या दिवसांनी कपाळावर मुंडावळ्या.

मी केशरला गाठलं. ती दारात बसून कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होती. धाकटा किसन तिच्या पाठीवर लोंबकळत होता.

"मुक्ताला या साली ठेव केशर. सासूबाई आहेत, मी आहे."

"आन् किसनाला कोण बघंल? म्या फडात, ह्याचा बाप फडात. भाकरी कोण टाकंल?"

"म्हणून नऊ वर्षांच्या पोरीनं चूल धरायची?"

"म्या आठाव्या वर्षी धरली."

"तुझं झालं ते तिचं व्हायला पाहिजे का?"

केशरनं चिंधीला गाठ मारली. दातानं टोक तोडलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, तुमी लई शिकलेल्या. पन ह्यातलं तुमाला न्हाई कळायचं. ज्याच्या पोटी लेकरू न्हाई त्याला..." आणि एकदम जीभ चावली. कोयता बाजूला ठेवून तिनं माझा हात धरला. "चुकलं माझं. देवी दील बाई तुमाला. दील."

मी हात सोडवून घेतला आणि शाळेत आले. मला तिचा राग आला होता, हे खरं आहे. लेकीला राबवायला नेते, एवढंच मला दिसत होतं.

अर्ज पुढं सरकला. संस्थेच्या देवस्थळी मॅडम शाळा बघायला येणार असा निरोप आला. आणि दिवस कुठला, तर तोडीची टोळी निघायच्या आदला.

वस्तीत लगीनघाई उसळली. सरपंच रंगनाथ आबा कमरेवर हात देऊन शाळेच्या दारात उभे राहिले. पोपडे आलेल्या भिंती, मोडका फळा, कोपऱ्यातल्या फाटक्या सतरंज्या.

"हे दाखवणार पाहुण्यांना?"

गर्जे सर म्हणाले, "आहे ते दाखवू, आबा."

"वा सर! पोरगी दाखवायची तर फाटकं लुगडं नेसवून बसवता का? पाहुणा दारात आला म्हंजी घरातलं चांगलं ते पुढं मांडायचं. आमच्या बापजाद्यात असंच चालत आलंय."

एका दिवसात भिंतींना निळा रंग चढला. आबांच्या घरचा मोठा टीव्ही बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळून आला. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर आला. खालच्या गावातल्या मंगल कार्यालयातून लाल गालिचा आणि खुर्च्या आल्या. ज्यांच्या अंगावर धड गणवेश नव्हता त्यांना शेजारच्या वस्तीतून उसने कपडे आले. एका पोराच्या शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. गयाबाईनं टीव्हीला हळदकुंकू लावलं. मीसुद्धा दारात भलीमोठी रांगोळी काढली. शाळा इतकी सुंदर मी कधी पाहिली नव्हती. गर्जे सर ढेंगा टाकत फिरत होते आणि मधूनच टीव्हीवरून हात फिरवत होते.

देवस्थळी मॅडम सकाळीच आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात साधी चप्पल. मुलांनी लेझीम केलं. त्या प्रत्येक खोलीत गेल्या. पुरणपोळी खाल्ली, गयाबाईच्या हाताला चव आहे म्हणाल्या. मग वर्गात खुर्च्या मांडून सगळे बसले. मुलं बाहेर लिंबाखाली गेली होती. त्यांचा दंगा खिडकीतून आत येत होता.

"छान ठेवलीय शाळा," मॅडम म्हणाल्या. "आता मला सांगा, तुमची अडचण काय आहे?"

आबा सावरून बसले. "अडचण? छे! देवाच्या दयेनं काही कमी न्हाई, मॅडम."

"तरी पण? मुलं गैरहजर राहतात का?"

"तसं काही न्हाई. सगळं झकास."

"वीज?"

"असती की." नेमकी तेव्हा नव्हती, पण दिवस असल्यामुळं ते दिसत नव्हतं.

मी सरांकडं पाहिलं. सर आबांकडं बघत होते. पाहुण्यांसमोर गावच्या वडीलधाऱ्याला तोंडावर खोटं पाडायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबांच्या मालकीणबाई मॅडमची ओटी भरायला उभ्या राहिल्या. खण, नारळ, तांदूळ. मी तोंड मिटलं.

मॅडमनी ओटी सांभाळून धरली. चेहऱ्यावर संकोच होता. "मला तुमचं खूप कौतुक वाटतं. खरंच. पण प्रामाणिकपणे सांगते, आमच्याकडं निधी थोडा आणि शाळा पुष्कळ. तुमच्याकडं टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे, सगळा गाव पाठीशी आहे. कालच मी एक शाळा पाहिली, तिला छप्परसुद्धा नाही. या वेळी त्यांना द्यावं असं मला वाटतं."

कुणाला पटकन काही कळलंच नाही. आबा हसत होते, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. गर्जे सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते हातांकडं बघत बसले. खाली लाल गालिचा होता, वर नवी निळी भिंत. आमच्याच हातानं आम्ही आमची गरज रंगवून झाकून टाकली होती.

"ताई, ह्यातलं आमचं काही न्हाई."

दाराशी केशर उभी होती. पाण्याचे पेले भरलेलं ताट हातात.

"केशर!" आबा गरजले.

"आबा, म्या उद्या चालले. परत येईस्तोवर तुमचा राग उतरंल." ती आत आली, ताट खाली ठेवलं. "टीव्ही आबाचा हाय. ते मशीन पंचायतीचं. ह्या खुर्च्या लग्नाच्या. पोरांच्या अंगावरची कापडंबी सांजच्याला माघारी जायची. पाहुण्याला रिकामं घर दावू नी म्हनून मांडलं वो, ताई. फसवाया न्हाई मांडलं."

मॅडमनी शेजारची खुर्ची हातानं पुढं सरकवली. केशर खुर्चीवर बसली नाही, त्यांच्या पायापाशी गालिच्यावर बसली.

"आमाला आरसा पायजे. सर काय म्हंत्यात त्याला... ते. शिकाया पायजेच. पन मला दुसऱ्यासाठी पायजे." ती थांबली. बाहेर मुक्ताचा आवाज येत होता. ती कुणाला तरी आउट झालास म्हणून भांडत होती. केशरनं खिडकीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझी मुक्ता तीन वर्साची व्हती. पयल्यांदाच ह्या आत्याबाईपाशी, माझ्या सासूपाशी ठिवून गेले. फडात रोज तिच्या नावानं रडायची. उन्हाळ्यात आले. गाडीतून उतरले ती पळतच आले. दारात खेळत व्हती. मला बघितलं आन् आत वरडली, 'आजी, कोन तरी मावशी आली.'"

गयाबाईनं तोंडाला पदर लावला.

"घरात कुनाला कळलं न्हाई. आत्याबाई चुलीपाशी व्हत्या. म्या म्हनलं न्हाई, की म्या आय हाय तुजी. म्हनवलंच न्हाई. ती म्हनली मावशी, आन् म्या..." केशरनं ताटातला एक पेला उगाच सरळ केला. "म्या ओ दिली, ताई. मावशी म्हनून ओ दिली. तव्हापासून एक साल तिला माघारी ठिवली न्हाई. लोकं म्हंत्यात, राबवाया नेती. म्हनू द्या. पोरीला राबवती म्हनलेलं चाललं. लेक इसरली म्हनलेलं चालत न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. ओला रंग माझ्या पाठीला लागला, ते मला घरी गेल्यावर कळलं.

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. "सर, हे अर्जात का नाही लिहिलंत?"

गर्जे सर म्हणाले, "त्याला रकाना नव्हता, मॅडम."

या साली पैसे त्या दुसऱ्या शाळेलाच जातील, असं मॅडमनी सरळ सांगितलं. पण पुढच्या साली टाकळमाथ्याचं नाव पहिलं. आणि त्यांनी शब्द पाळला. पुढच्या दसऱ्याला छपरावर सौर पाटी बसली, भिंतीवर स्क्रीन लागली. गयाबाईनं तिलाही कुंकू लावलं. ते बोट काचेवर तसंच राहिलं, आणि पहिल्या रविवारी केशरचा भिंतीएवढा चेहरा उजळला तेव्हा ते कुंकू बरोबर तिच्या कपाळापाशी आलं. मुलं ओरडली. केशर तिकडून म्हणाली, "काय वो झालं? नीट दिसत न्हाई का म्या?"

पण हे सगळं पुढचं. त्या सालासाठी आरसा नव्हता, आणि ट्रॅक्टर सकाळी निघणार होता.

सकाळी मी शाळेत आले तर भिंती तेवढ्या निळ्या राहिलेल्या. बाकी सगळं ज्याचं त्याच्याकडं गेलेलं. लिंबापलीकडं ट्रॅक्टर धडधडत उभा होता. ट्रॉलीत बोचकी, पेट्या, कोंबड्यांची डालगी, चटया, वर माणसं. टोकाला मुक्ता, मांडीवर बोचकं, आणि बोचक्यावर दप्तर. ती दप्तर घेऊन निघाली होती. केशर खालून किसनला वर देत होती आणि तोंडानं गुणगुणत होती. जीव माझा टांगलेला, बाळीच्या गं पाळण्यावरी. बाळी तर तिच्याबरोबरच होती, तरी ती तेच म्हणत होती. सवयच झाली असावी जिभेला.

मी पळाले. पायातली चप्पल रांगोळीपाशीच राहिली. केशरचा दंड धरून तिला लिंबाखाली आणलं.

"बाई, आता नका काही म्हनू," ती म्हणाली. "काल सगळं बोलून बसले. आता अंगात बळ न्हाई. आरसा आला की फुडल्या साली ठिवीन. तुमची आन."

"पुढच्या साली ती शाळेत नसेल, केशर."

"मंग काय करू? तुमीच सांगा. तिनं मला पुन्यांदा..." तिला ते म्हणवलं नाही. "तुमी चांगल्या हायत. पन ज्याचं जळतं त्याला..."

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. उत्तम, तिचा नवरा, वरून ओरडला, "अगं ये की!"

तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि थांबली. मला वाटतं, तिला काहीतरी दिसलं असावं. वरच्या अंगाला देवळाची वाट होती, आणि तिथं आढ्याला तो पाळणा वाऱ्यावर हलत असणार, हे मला न बघता दिसत होतं.

"केशर, तुझ्या सासूबाईंनी विचारलं होतं ना, लेकरं किती? मला तेव्हा बोलता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली. तुम्ही समजलात, नाही. मग तुम्ही पाळणा बांधलात, आणि मला ते परत घेता येईना. मला मुलगा आहे. राजस. चौथं वर्ष लागलंय त्याला. जन्मल्यापासून दम लागतो, दवाखाना जवळ पाहिजे, म्हणून माझ्या आईपाशी ठेवलाय, सुट्टीत तेवढी भेट. तुम्ही ज्या कारखान्याला जाता ना, त्याच्या अलीकडचंच गाव. पुलापासून दुसरं घर, दारात पेरूचं झाड. तुमची गाडी त्याच्या दारावरून जाते. शनिवारी मी टेकडीवर जाते ती साहेबांसाठी नाही गं. त्याच्यासाठी जाते. आई त्याच्या हातात फोन देते, आणि तो विचारतो, 'कोण बोलतंय?' दर शनिवारी विचारतो. आणि मी दर शनिवारी सांगते. तुझी लेक माझ्याजवळ ठेव. दर शनिवारी तिला टेकडीवर नेते, आधी तुला फोन लावते, मग माझ्या पोराला. तुझा आवाज नाही विसरू देणार तिला. आणि तू... पुलापाशी गाडी जरा थांबव. नुसती दारात उभी राहा. त्याला बघ. आणि मला सांग, केशर, तो केवढा झालाय."